बोटीत पाय ठेवण्याआधी

कात्र बोर्न, मॉरिशस

चि. सई,


तिकिटं निघाल्याचं ताईकडून कळलं आणि त्याच रात्री तुझा मेसेज आला. दिवाळी झाली की तू, निखिल, ओवी आणि तुझे सासू-सासरे असे पाच जण येताय, हॉटेल फ्लिक आं फ्लाकला घेतलंय, आणि एजंटच्या कागदावर तिसऱ्या दिवशी ‘डॉल्फिन स्विम, व्हेल वॉचिंग आणि आयलंड लंच’ असं एका दमात लिहिलंय. जायचं का, आणि ओवीला पाण्यात उतरवायचं का, एवढंच तू विचारलंस. उत्तर एका ओळीचं आहे: जा, पण तिला उतरवू नकोस आणि तुम्हीही उतरू नका. पण तू पडलीस वकील, कारणं मागशील. निखिल तर मागेलच. फोनवर सांगायला जावं तर मध्येच ओवी फोन हिसकावून घेते आणि मला ‘सांग ना आजी, डॉल्फिन चावतो का?’ विचारत बसते. म्हणून लिहितेच सगळं.

आधी त्या कागदावरचा ‘व्हेल’ नीट समजून घे. एजंटच्या जाहिरातीत शेपूट उडवणारा जो देवमासा दिसतो तो हंपबॅक. ते अंटार्क्टिकाच्या बाजूच्या गार पाण्यात उन्हाळाभर खातात आणि विणीसाठी इकडच्या कोमट पाण्यात येतात. इथल्या थंडीत, म्हणजे तुमच्याकडे पाऊस पडत असतो तेव्हा. साधारण जुलै ते ऑक्टोबर. तुम्ही उतरणार नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर बहुतेक सगळे परतीला लागलेले असतात. तेव्हा एजंट ‘हंड्रेड पर्सेंट गॅरंटी’ म्हणाला तर त्याला विचार, कुठल्या देवमाशाची? त्याची पंचाईत होईल. एखादी मागे राहिलेली मायलेकरांची जोडी दिसलीच तर लांबूनच बघा. ती आई महिनोन् महिने उपाशी असते. इकडे तिच्या खाण्याजोगं काही नाही. दक्षिणेत साठवलेल्या चरबीवर स्वतः जगायचं आणि त्यातूनच पिल्लाला दूध पाजायचं. बोट मागे लागली की तिला विनाकारण पोहावं लागतं, आणि त्याचा भुर्दंड त्याच चरबीवर पडतो.

वर्षभर इथे असतात ते स्पर्म व्हेल. पश्चिम किनाऱ्याबाहेर त्यांच्या माद्या आणि पिल्लं कुटुंब करून राहतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आपल्याकडे हर्णैहून किंवा मालवणहून होडी कितीही आत न्या, समुद्र बराच वेळ उथळच राहतो. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. प्रवाळाची भिंत ओलांडली की तळ झपकन खाली जातो, आणि किनाऱ्यावरची घरं अजून दिसत असतानाच बोटीखाली हजार मीटर पाणी असतं. स्पर्म व्हेलला नेमकं तेच लागतं. म्हाकुळं पकडायला ते इतके खोल जातात की पाऊण-एक तास वर येत नाहीत. मोठं शेपूट उभं राहिलं आणि सरळ आत गेलं, की समजायचं बाई कामाला गेल्या. आता तिथे घिरट्या घालण्यात अर्थ नाही.

फ्रान्स्वा सारानो नावाचे एक फ्रेंच समुद्रशास्त्रज्ञ आहेत, समुद्रसंशोधक कूस्तोंच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावर काम केलेले. त्यांनी इथल्या या कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, एकेकीला ओळखून नावं दिली. त्यातली एक वाकड्या जबड्याची इरेन. त्या घरांत पुरुष मंडळी नाहीत. मुलगे मोठे झाले की घर सोडून थंड पाण्याकडे निघून जातात. उरतात आज्या, आया, मावश्या आणि पोरं. पिल्लांना खोल जाता येत नाही. म्हणून आई शिकारीला गेली की दुसरी कोणी तरी वर थांबून तिचं पोर सांभाळते. तुला लहानपणी कोणी सांभाळलं हे इथे काढत नाही.

हे स्पर्म व्हेल झोपतातही पाण्यात उभे, खांबांसारखे, सगळं कुटुंब जवळजवळ. त्याचे फोटो निखिलनं पाहिलेच असणार, आणि ‘आपणही जाऊ’ हे त्याच्या मनात आलंच असणार. त्याला सांग, देवमाशांबरोबर पोहायला इथे कायद्यानं बंदी आहे. ते फोटो खास परवानगी काढून गेलेल्यांचे असतात. तरीही किनाऱ्यावर कोणी तरी हळूच येऊन जादा पैशांत ‘सोय करतो’ म्हणेल. त्याच्या बोटीत बसू नका. कायदा मोडायला तयार असलेला माणूस लाईफ जॅकेट आणि पेट्रोलच्या बाबतीत काटेकोर असेल, असं मला वाटत नाही.

सासऱ्यांना एक वेगळी सूचना हवी. ठाण्यात नाही तर रत्नागिरीत कोट्यवधींची ‘देवमाशाची उलटी’ पकडली, या बातम्या ते चवीनं वाचतात. ती वस्तू स्पर्म व्हेलच्याच आतड्यात तयार होते, न पचलेल्या म्हाकुळांच्या चोचींभोवती. वाळूवर कोणी मेणासारखा गोळा दाखवला तर हातातसुद्धा घेऊ नका म्हणावं. खरा निघाला तर भारतात वन्यजीव कायद्याखाली गुन्हा, खोटा निघाला तर पैसे बुडाले.

आता मुख्य गोष्ट, डॉल्फिन.

पश्चिम किनाऱ्यावरच्या तामारिन बेमध्ये सकाळी जे दिसतात ते बहुतेक स्पिनर. सडपातळ, लांब चोचीचे, पाठ करडी आणि पोट पांढरं. त्यांच्याहून आडवे, आखूड चोचीचे बॉटलनोजही किनाऱ्याजवळ असतात. पण गर्दी जमते ती स्पिनरभोवती. हे स्पिनर रात्रभर बाहेर खोल पाण्यात शिकार करतात, कारण दिवसा खोल दडलेले बारीक मासे आणि म्हाकुळं अंधार पडल्यावरच वर येतात. उजाडता उजाडता पोटं भरून ते किनाऱ्याकडे वळतात आणि उथळ, वाळूच्या तळाच्या जागा गाठतात. वाळू पांढरी असते, खालून शार्क आला तर दिसतो. म्हणून ती जागा. त्या जागी ते येतात झोपायला.

झोप म्हणजे आपल्यासारखी गाढ नव्हे. श्वास घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो. बोटीतून ही झोप ओळखता येते. घोळका दाटीनं एकत्र येतो, सगळे एका लयीत वर येतात, फुस्स करून श्वास सोडतात, एका लयीत खाली जातात. उडी नाही, धावपळ नाही. आवाजही फारसा करत नाहीत. दुपार कलली की एखादा जागा होतो, हवेत उडून गिरक्या घेतो, एका उडीत सात-सातसुद्धा. मग दुसरा, तिसरा, आणि तिन्हीसांजेला सगळी पलटण पुन्हा बाहेर.

आता हिशेब कर. टूरच्या बोटी सुटतात सकाळी साडेसहा-सातला. रात्रपाळी करून आलेला माणूस नुकता पाठ टेकतोय आणि त्याच्या खोलीत गावभरची माणसं चष्मे लावून त्याला बघायला शिरली, असा तो सगळा प्रकार. तरी डॉल्फिन हसतो आहे असं वाटतं, कारण त्याच्या तोंडाची ठेवणच तशी आहे. मेलेला डॉल्फिनही हसतानाच दिसतो.

पाण्यावर काय चालतं ते सांगते, म्हणजे तुला तिथे गेल्यावर ओळखता येईल. आधी एकच बोट घोळक्याजवळ पोचते. तिचा स्किपर मोबाईलवर किंवा हात वर करून दुसऱ्याला खूण करतो. दहा मिनिटांत दीड-दोन डझन बोटी गोळा होतात. मग घोळका ज्या दिशेनं चाललाय त्या दिशेनं एक बोट जोरात पुढे काढतात, त्याच्या वाटेत आडवी लावतात, आणि स्किपर ओरडतो, ‘गो, गो, गो!’ मास्क आणि फ्लिपर लावून काठावर बसलेली माणसं धपाधप पाण्यात पडतात. निम्म्यांच्या मास्कवर वाफ धरलेली असते, एकाच्या नाकात पाणी गेलेलं असतं, कोणाचा फ्लिपर दुसऱ्याच्या तोंडावर बसतो. डॉल्फिन खाली बुडी मारून पलीकडे निघतात. पाच-सहा सेकंदांचं दर्शन. मग शिडीवर ढकलाढकली, सगळे वर, पुन्हा इंजिन, पुन्हा पुढे, पुन्हा आडवी. पेट्रोलचा वास आणि चारी बाजूंना फिरणारे पंखे, आणि त्यांच्यामध्ये पाण्यात डोकी. नीट पोहता येणाऱ्यालासुद्धा ती जागा सुरक्षित नाही. ओवी सात वर्षांची आहे, आणि तिचं पोहणं सोसायटीच्या तलावातलं.

इथे डॉल्फिनबरोबर पोहायला, परवाना असलेल्या बोटीवरून, अजून मुभा आहे. हवाईत ती राहिलेली नाही. तिथलेही स्पिनर असेच दिवसा किनाऱ्याला झोपायला येतात, तिथेही असाच धंदा वाढला, आणि 2021 मध्ये अमेरिकी सरकारनं किनाऱ्यालगतच्या पाण्यात त्यांच्या पन्नास यार्डांच्या आत पोहायला, बोट न्यायला, सगळ्यालाच मनाई केली. मुद्दा साधा होता: रोज झोपमोड झाली की रात्री शिकारीला अंगात जोर राहत नाही, पिल्लांचे हाल होतात, आणि शेवटी प्राणी ती जागाच सोडतात. इथे तशी मनाई येईल तेव्हा येईल. तोवर पाण्यात न उतरायला कोणी अडवलेलं नाही.

हे वाचून तू म्हणशील, मग जायचंच कशाला? तुझ्यासारख्या माणसांनी जायलाच हवं असं माझं मत आहे, आणि ते आमच्या भाच्यामुळे झालंय. माझ्या नणंदेचा मुलगा ब्लॅक रिव्हरला बोट चालवतो. त्याचे वडील मासेमारी करायचे. लगूनमधली मासळी कमी होत गेली तशी किनाऱ्यावरची पुष्कळ घरं मासळीवरून टूरिस्टांवर आली, त्यातलंच त्याचं. तो डॉल्फिनचा वैरी नाही. कुठली मादी कुठल्या पिल्लाबरोबर फिरते हे तो पाठीच्या पंखावरून सांगतो. पण बोटीत बसलेली माणसं त्याला धड राहू देत नाहीत. लांब उभं राहिलं की मागून सुरू होतं, ‘ती बोट बघा कशी जवळ गेली, तुम्ही का नाही जात?’ घोळका सापडला नाही तर अर्धे पैसे परत मागतात. संध्याकाळी हॉटेलात बसून मोबाईलवर एक तारा देतात: डॉल्फिन दिसले नाहीत. असे चार अभिप्राय पडले की हॉटेलवाले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवतात. तेव्हा जो जोरात घुसतो त्याचा धंदा चालतो आणि जो सबुरीनं घेतो तो मागे पडतो. इंजिनाचा कान स्किपरच्या हातात असला तरी पिळणारा हात प्रवाशाचा आहे, असं त्यानं एकदा जेवताना मला ऐकवलं, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही. समजूतदार माणसं यायची थांबली तर त्याच्या बोटीत उरतील ती फक्त घाईची.

म्हणून एजंटचं ते पॅकेज रद्द कर, पैसे कापले तरी. बोट इथे येऊन ठरवा, आणि ठरवताना तूच बोल, निखिलला बोलू देऊ नकोस. तो घासाघीस करायला लागतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. टुरिझम ऑथॉरिटीचा परवाना दाखवायला सांग. लहान मुलांच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का ते स्वतः बघ. मोठ्यांचं जॅकेट ओवीच्या डोक्यावरून वर निघून येईल, त्याचा उपयोग शून्य. बोटीत किती माणसं घेणार ते विचार. आणि मग स्किपरला हे वाक्य सांग, शब्द बदललेस तरी चालेल: आम्ही पाण्यात उतरणार नाही, लांबूनच बघू, आणि काहीच दिसलं नाही तरी तुमचे पूर्ण पैसे देऊ. त्याचा चेहरा बघ. ज्याला हायसं वाटेल त्याच्या बोटीत बसा. जो म्हणेल, ‘नो मॅडम, आय गिव्ह यू व्हेरी क्लोज’, त्याला नमस्कार करा आणि पुढच्याकडे जा. माझा भाचा मोकळा असला तर त्याच्याकडेच पाठवीन. पण माझा भाचा आहे म्हणून मापदंड बदलू नकोस.

बोट निघाल्यावर काय बघायचं तेही सांगते. चांगला स्किपर घोळक्याच्या समोरून येत नाही आणि मधोमधही घुसत नाही. बाजूनं, थोडा मागे राहून, त्यांच्याच वेगानं समांतर चालतो, आणि ते जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाकतो. आधीच दोन-तीन बोटी असतील तर थांबतो किंवा दुसरीकडे वळतो. अंतराचा अंदाज पाण्यावर चुकतो, म्हणून निखिलला क्रिकेटच्या भाषेत सांग: डॉल्फिनपासून निदान पन्नास मीटर, म्हणजे अडीच पिच; देवमाशापासून शंभर, म्हणजे पाच पिच. अर्ध्या तासापेक्षा जास्त एका घोळक्यामागे राहायचं नाही. आणि ते आपण होऊन बोटीच्या नाळेशी खेळायला आले तर तुमचं भाग्य. तेव्हा काही करू नका, हात खाली घालू नका, शिट्ट्या मारू नका. इंजिन कमी करायला सांगायचं असेल तर इथे ‘दुस्मा’ म्हणतात. ओवीला तो शब्द आवडेल. तिनं म्हटला तर स्किपर ऐकेलही.

निखिलला ड्रोन घरीच ठेवायला सांग. वरून घोंघावणारा पंखा झोपलेल्या घोळक्याला नको आणि शेजारच्या बोटीतल्या माणसांनाही नको. सासऱ्यांना दुर्बीण दे. हातात काही तरी काम असलं की माणूस ‘पैसे वसूल झाले का’ हा प्रश्न विसरतो, हा माझा अनुभव आहे, आणि तो फक्त सासऱ्यांपुरता नाही. ओवीला एक वही आणि जाड पेन्सिल दे. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पंखाची कड प्रत्येकाची वेगळी असते. कुठे खाच, कुठे चीर, कुणाचं टोक तुटलेलं. अभ्यास करणारी माणसं त्यावरूनच त्यांना ओळखतात. तिला दिसतील तेवढे पंख काढू दे. तीन काढले तरी पुष्कळ. मग तिला पाण्यात उतरायचं राहिलं याची आठवण होणार नाही. झालीच तर दुपारी लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात तिला मनसोक्त डुंबू दे. तिथे रंगीत मासे तिच्याच पायाशी येतात. अंगाला क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाल, इथलं ऊन ढगातूनही भाजतं, आणि क्रीम शेवटी प्रवाळावर जातं.

स्किपरला असं काही सांगितलं तर त्याला राग येईल, ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणेल, अशी भीती बाळगू नकोस. इथल्या माणसांचं समुद्राशी काय नातं आहे ते 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. त्या जुलैत ‘वाकाशिओ’ नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. दहा-बारा दिवस ते तसंच होतं, मग फुटलं आणि सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये पसरलं. सरकारची वाट न बघता माणसं किनाऱ्यावर उतरली. उसाचं पाचट कापडाच्या नळ्यांत भरून, त्या शिवून, तेल अडवायला पाण्यात सोडल्या. आमच्या आळीतल्या बायकांनी जुन्या चादरी आणि पडदे दिले. माझ्या शिवणयंत्राची सुई त्या आठवड्यात कितीदा मोडली ते विचारू नकोस. ऑगस्टच्या शेवटी त्याच बाजूला डॉल्फिनसारख्या दिसणाऱ्या मेलन-हेडेड व्हेलची डझनांनी प्रेतं लागली. ती तेलामुळे मेली की कशामुळे, यावर बरेच वाद झाले. पण त्यानंतरच्या शनिवारी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर हजारो माणसं काळे कपडे घालून चालली. त्यांत बोटवाले होते, कोळी होते, आमच्यासारखे समुद्रापासून वर डोंगराच्या कुशीत राहणारेही होते. त्यांच्यातल्याच एखाद्याला तू ‘जरा लांब थांबा’ म्हणणार आहेस. त्याला कळेल.

आणि आपल्याकडचंही काही वेगळं नाही. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं, तेव्हा तू मला व्हिडिओ पाठवला होतास. अंगावर ओलं फडकं टाकणारी, घागरीनं पाणी ओतणारी गावची माणसं एकीकडे, आणि त्याच्याजवळ उभं राहून सेल्फी काढणारी एकीकडे. दोन्हीही आपलीच.

आता पोटाचं. सासूबाईंना बोट लागते, हे तू मागे काशिदला सांगितलं होतंस. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे सकाळी समुद्र बहुधा शांत असतो, पण प्रवाळाच्या भिंतीबाहेर गेलं की लांब लाटांवर बोट डुलते, आणि इंजिन बंद करून थांबलेली बोट जास्त डुलते. म्हणजे माझ्या सल्ल्यानं चाललीस तर त्यांना जास्त त्रास. डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या तासभर आधी घ्या. ओवीसाठी तर विचारल्याशिवाय मुळीच नको. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकट खाऊनही जाऊ नका. केळं आणि टोस्ट पुरे. बोटीत मध्यावर, मागच्या बाजूला बसायचं, नजर दूर क्षितिजावर, मोबाईलमध्ये नाही. आलेपाक जवळ असू दे. लवकर उठायची काळजी नको: इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे पहिले दोन दिवस तुम्हा सगळ्यांना पहाटे आपोआप जाग येणार.

स्पीडबोट की कॅटामरान, हे विचारलं होतंस. लहान मूल आणि दोन म्हातारी माणसं असताना कॅटामरान. ती सावकाश जाते, आत शौचालय असतं, आणि ती कुणाचा पाठलाग करू शकत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण. बहुतेक बोटी पुढे इल ओ बेनितिए बेटावर नेतात, ल मोर्नचा डोंगर समोर ठेवून जेवायला घालतात. कोळशावर भाजलेली मासळी आणि कोंबडी असते, रम असते, शाकाहाऱ्यांना भाजलेली वांगी आणि भात. सासरे श्रावण-कार्तिक पाळणारे आहेत, तर आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेव. निखिल रम घेणार असेल तर परतीच्या वाटेवर घेऊ दे, जाताना नाही.

सासूबाईंना अगदीच नको असेल तर जबरदस्ती करू नकोस. त्या दिवशी त्यांना माझ्याकडे सोड. कास्कावेलला आपल्या मराठी लोकांची जुनी वस्ती आहे, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी रत्नागिरी-सावंतवाडीकडून उसाच्या मळ्यांवर आलेल्यांची. तिथे मंदिरात नेईन. तिथल्या म्हाताऱ्या क्रिओलमध्ये भांडतात आणि मराठीत आरती म्हणतात. तुझ्या सासूबाईंचं माहेर लांज्याचं ना? गप्पांना विषय शोधावा लागणार नाही.

बोटीचा दिवस पक्का झाला की आदल्या संध्याकाळी मला फोन कर, मी भाच्याला वाऱ्याचं विचारून कळवीन. वारा असेल तर सरळ दुसरा दिवस धर, हॉटेलवाला काही म्हणो. येताना कोकम आण, आगळाची बाटली मात्र नको, ताईची मागच्या वेळी बॅगेत फुटली होती. आणि ओवीला सांग, डॉल्फिन सहसा चावत नाही, पण त्याला दात मात्र भरपूर असतात.

तुझी,
मावशी